तुमच्या बाजूला वळा

धुळ्यात तिशी ओलांडलेल्या माणसाला मोटरसायकल येत नाही, यावर पटकन कुणी विश्वास ठेवत नाही. आधी लोकांना वाटतं, कधीतरी अपघात झाला असेल. मग वाटतं, काही नवसबिवस असेल. आणि बायकोच्या स्कूटीवर मागे बसून बसस्टँडला जाणारा मास्तर एकदा दिसला की ते हसून घेतात आणि विषय मिटतो. मलाही त्याची सवय झाली होती. त्यामुळे मी चारचाकी शिकायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त नवल मलाच वाटलं.

मला डिस्प्रॅक्सिया आहे. डॉक्टरांच्या कागदावर डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी, असं लिहिलेलं असतं. स्नायूंत ताकद आहे, नजर चांगली आहे, बुद्धीत खोट नाही (गणित शिकवतो, तेव्हा निदान वर्गात तरी तसं म्हणायलाच हवं). अडतं ते हालचाल आखण्यापाशी. कुठला हात आधी, जोर किती, अंतर किती, पाय नेमका केव्हा उचलायचा, ही जुळणी बाकीच्यांचा मेंदू त्यांना न विचारता करून टाकतो. माझा मेंदू प्रत्येक वेळी मला विचारतो. शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण पाच ते सहा टक्के सांगतात. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात तिघं-चौघं. वय वाढलं की हे आपोआप निघून जातं असं नाही, आणि त्यावर गोळी नाही.

शाळेत असताना २६ जानेवारीच्या लेझीम पथकात मलाही घेतलं होतं. ठोके सगळे पाठ. तोंडाने कुणालाही म्हणून दाखवले असते. पण हात ठोक्यावर आला की पाय मागे राहायचा, पाय जागेवर आला की लेझीम शेजारच्याच्या कोपराला लागायची. सर चिडले नाहीत, त्यांनी शेवटी मला झेंड्याच्या दोरीपाशी उभं केलं. आजही फळ्यावर वर्तुळ काढलं की ते बटाट्याकडे झुकतं आणि मागच्या बाकावरून खसखस ऐकू येते. इंग्रज अभिनेता डॅनियल रॅडक्लिफ याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधायला अजून अवघड जातं हेही छापून आलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं होतं. मी बिननाडीचेच बूट घालतो.

हे सगळं कळलं भाच्यामुळे. त्याला नाशिकला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमायला शिकवणाऱ्या मॅडमकडे, न्यायचं होतं, मी सोबत गेलो. मॅडम बहिणीला एकेक विचारत होत्या. शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो का? दाराच्या चौकटीला खांदा घासतो का? चेंडू अंगावर आला तर हात उशिरा वर येतात का? पाणी ओतताना बाहेर जातं का? डावं-उजवं विचारलं तर थांबतो का? बहीण मुलाबद्दल उत्तरं देत होती आणि दर उत्तरानंतर माझ्याकडे बघत होती. एकाच घरात दोघांना असणं काही नवं नाही, असं मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला माझीही तपासणी झाली.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण लोक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता असा गट आहे. त्यात डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांच्या पंगतीत डिस्प्रॅक्सियाचं नाव छापलेलं आहे. पण त्या गटाची सगळी चर्चा वाचन, लेखन आणि परीक्षेभोवती फिरते. क्लचबद्दल कायदा काही बोलत नाही.

गाडी शिकायची गरज घरातूनच आली. बायको नर्स आहे, तिच्या रात्रपाळ्या असतात. स्कूटी तिची, आणि तिच्या माहेरची जुनी मोटारही चालवणारी तीच. एका रात्री ती ड्यूटीवर असताना आईला दम लागला. रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्या पोराला झोपेतून उठवावं लागलं. आई दुसऱ्या दिवशी ठणठणीत होती. मी मात्र लर्निंग लायसन्सचा अर्ज उघडून बसलो.

लर्निंगची परीक्षा म्हणजे चिन्हं आणि नियम, ती मला सोपी. अवघड गेला तो फॉर्म नंबर एक. त्यात तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल लिहून द्यायचं असतं: फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का, लाल-हिरवा रंग ओळखू येतो का, रातांधळेपणा आहे का. आणि शेवटी, तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार किंवा अपंगत्व आहे का. या शेवटच्या प्रश्नावर मी थांबलो. घरचे म्हणाले, नाही लिही आणि मोकळा हो. पण गणिताच्या मास्तरला गृहीतक तपासल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅडमना विचारलं, फॅमिली डॉक्टरांना विचारलं. दोघांचं म्हणणं एकच पडलं: डीसीडी म्हणजे गाडी चालवायला मनाई नाही, शिकायला वेळ जास्त लागेल, आणि नीट शिकल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. ते त्यांनी लिहूनही दिलं. ते पत्र फाइलला लावलं आणि मग नाही असं लिहिलं.

आता ड्रायव्हिंग स्कूल. नाव घेत नाही, कारण त्यात त्यांचं काही विशेष वाईट नव्हतं. सगळीकडे असंच शिकवतात. गाडी गिअरची, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक, त्यामुळे जिवाची हमी होती. शिकवणारा पोरगा चांगला होता, पण त्याला एकच पद्धत माहीत होती, ती म्हणजे बोलत राहायचं. "क्लच दाबा, फर्स्ट टाका, मिरर बघा, इंडिकेटर द्या, आता हळूहळू क्लच सोडा, रेस द्या, स्टेअरिंग सरळ, अहो पुढं बघा, खाली काय बघता!"

मी खाली बघत होतो, कारण माझा पाय नेमका कुठे आहे हे मला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. हे ज्याला होत नाही त्याला समजावणं कठीण आहे. डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं तर तुमचं बोट नाकावर जातं, माझं कधी गालावर जातं. पायांचं तसंच. ब्रेकवरचा पाय उचलून रेसवर ठेवायचा तर किती सरकवायचा हे पायाला आतून समजत नाही.

आणि हाफ क्लच! ज्यांना गाडी येते ते हे दोन शब्द किती सहज उच्चारतात. डावा पाय हळूहळू उचलत न्यायचा, गाडी थरथरायला लागते त्या जागी तो धरून ठेवायचा, आणि त्याच वेळी उजव्या पायाने रेस वाढवायची. एक पाय वर जातोय, एक खाली जातोय, दोघांचा वेग वेगळा. डावा हात गिअरवर, उजवा स्टेअरिंगवर. डोळे एकदा आरशात, एकदा समोर. एका समीकरणात चार चलं, आणि चौकात मागचा रिक्षावाला उत्तर मागतोय. पारोळा रोडला गाडी गचके खाऊन बंद पडायची, मी चावी फिरवायचो, घाईत गिअर न्यूट्रलला आणायचा राहून जायचा, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून पुन्हा बंद पडायची.

कोर्सची मुदत संपली तेव्हा माझ्याबरोबर सुरुवात केलेली कॉलेजची मुलगी देवपूरहून पांझरेच्या पुलावरून गाडी घेऊन यायला लागली होती. मी फर्स्टमधून सेकंडला जात होतो. पोरगा जाताना प्रेमाने म्हणाला, "सर, तुम्ही घाबरता फार. कॉन्फिडन्स वाढवा."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि ते चुकीचं आहे. मी घाबरलेलो नव्हतो, मी कामात होतो. बाकीच्यांचे हातपाय जे काम परस्पर उरकतात ते मी डोक्याने करत होतो, आणि डोक्याला एका वेळी जेवढं पेलतं तेवढंच पेलतं. भीती म्हणाल तर ती आली, पण नंतर, आणि तीही याच वाक्यामुळे. धीट हो म्हणून सांगून कुणाचा पाय जागेवर पडत नाही. त्याला दुसरंच काहीतरी करावं लागतं.

ते काय, हे मॅडमनी फोनवर सांगितलं. मुलांसाठी त्या एक पद्धत वापरतात. कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी ती बांधलेली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा: ठरव, आख, कर, तपास. मुलाला नुसता सराव देत बसायचं नाही. काम कुठे अडतंय ते त्यालाच शोधायला लावायचं आणि तेवढ्याच तुकड्यावर उपाय काढायला लावायचा. भाचा याच रीतीने बटणं लावायला शिकला होता. मॅडम म्हणाल्या, गाडीचे तुकडे करा. आणि मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: "तुम्हाला गिअर हवाच आहे का?"

ऑटोमॅटिक गाडी आमच्याकडे अजूनही थोडी चेष्टेचीच गोष्ट आहे. नात्यातले एक जण म्हणाले, "ती तर बायकांची गाडी." माझी बायको शेजारी उभी होती. ती गिअरची गाडी घाटात चालवते. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, तेव्हा त्यांनी चहा मागितला. खरं तर २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातल्या छोट्या गाड्यांतही एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, मिळायला लागलं. आतला गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम गाडी करते. गिअर बदलताना क्षणभर दम खाते, चढावर काही गाड्या किंचित मागे येतात, हे दोष आहेत. पण डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं सगळं काम त्यातून वजा होतं. परवान्यावर लाइट मोटर व्हेइकल, एलएमव्ही एवढंच लिहिलेलं असतं, गिअर असलेली-नसलेली मोटार असे वेगळे वर्ग नाहीत. हे कळल्यावर आम्ही वापरलेली एक एएमटी घेतली.

शहरात मी विचारलं त्या स्कूलांकडे शिकवायला ऑटोमॅटिक नव्हती. मग आप्पा मिळाले. आप्पा आमच्या कॉलनीतले, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. साऱ्या हयातीत बस चालवलेला माणूस एएमटीला नाक मुरडेल असं वाटलं होतं. त्यांनी गाडीत बसून पायाशी वाकून बघितलं, दोनच पेडल दिसल्यावर आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाई तर भलतं सोपं शे," आणि पट्टा लावला. लर्निंगवर असताना शेजारी परवानाधारक माणूस लागतो आणि त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. आप्पांचा उजवा हात कायम हँडब्रेकवर असायचा. तो त्यांनी क्वचितच ओढला, पण काढलाही कधी नाही.

मी त्यांना आधीच सगळं सांगितलं. डिस्प्रॅक्सिया वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुना हातपाय एकमेकसनं ऐकतस नही." इतकं नेमकं निदान मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४४-४५ ला टेकतो, दहा वाजता स्टेअरिंगला हात लावता येत नाही, त्यामुळे आम्ही उजाडताच शाळेच्या मैदानावर असायचो. सुरुवातीला आप्पांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. बंद गाडीत बसायचं, टाच ब्रेकच्या पुढ्यात जमिनीवर रोवायची, आणि टाच न उचलता फक्त चवडा रेसकडे वळवायचा, परत ब्रेकवर आणायचा. समोर बघत. मी खाली बघितलं की आप्पा गुडघ्यावर टपली मारायचे. "रस्ता तठे शे का?" टाच एका जागी राहिली की पायाला एक खुंटी मिळते, आणि तिथून मोजायचं अंतर दरवेळी सारखंच येतं. माझ्यासाठी सगळी किमया या खुंटीची होती. सीट किती पुढे, पाठ किती कललेली, हेही ठरवून टाकलं. सीटच्या पट्टीवर मुलीच्या नेलपॉलिशची खूण केली, कारण बायकोने गाडी नेली की सीट हलायची आणि माझं सगळं शिक्षण दोन बोटं पुढे जायचं. बूट एकच, पातळ तळव्याचे. चप्पल घालून मी आजही गाडीत बसत नाही.

मग इंजिन चालू, पण रेसला बंदी. एएमटी ब्रेक सोडला की स्वतःच सरपटते. "आते फक्त ब्रेक. बाकी काही करू नको." मैदानावर कबड्डीसाठी मारलेल्या फक्कीच्या रेषा होत्या. रेषेवर येऊन थांबायचं, पुन्हा पुढच्या रेषेवर. ब्रेक समजल्यावर रेस. रेस समजल्यावर वळण. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय दुसरा जोडायचा नाही, हा आप्पांचा शिरस्ता. त्यांनी कॅनडाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

घोटाळा केला तो डाव्या पायाने. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याला क्लच दाबायचं एवढं घोटवून घेतलं होतं, की थांबायची वेळ आली की तो पुढे यायचा आणि मोकळं काही न सापडून ब्रेकवरच आपटायचा. गाडी जागीच खिळली आणि आप्पांची टोपी डॅशबोर्डवर जाऊन पडली. पट्टा होता म्हणून टोपीच गेली. आप्पांनी ती झटकून डोक्यावर ठेवली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "डावा पायले सुट्टी दे. त्याना बूट काढी ठेव." उजव्या पायात बूट, डावा पाय उघडा. तळव्याला मॅट लागत राहायची आणि त्या पायाला आपण कामावर नाही हे समजत राहायचं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं. हा उपाय मैदानापुरताच होता. पुढे तो पाय डावीकडच्या फूटरेस्टवर बसायला शिकला.

डावं-उजवं हा वेगळाच प्रकार. "डावीकडे घे" म्हटलं की मला आधी जेवायचा हात आठवावा लागतो, मग त्याच्या उलटा हात, आणि तोवर वळण मागे गेलेलं असतं. उजव्या मनगटावर देवाचा लाल धागा असतो, त्याचा उपयोग करून बघितला; बरा होता, पण त्यासाठी हाताकडे बघावं लागे. मार्ग काढला बायकोने. ती शेजारी बसली की डावं-उजवं म्हणतच नाही. "अहो, तुमच्या बाजूला वळा." "आता माझ्या बाजूला." माझी बाजू म्हणजे माझी खिडकी, तिची बाजू म्हणजे ती. यात आठवण्यासारखं काही उरतच नाही. आप्पांनीही ते उचललं. मोबाइलवरच्या नकाशाची बाई मात्र शिकत नाही, म्हणून तिचा आवाज बंद ठेवतो आणि निघण्याआधी रस्ता कागदावर काढून घेतो.

अंतराचा अंदाज मला नजरेने येत नाही, तो खुणांनी घेतो. समोरच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. दिसेनाशी झाली तर मी फार जवळ गेलो. डावं चाक कुठे चाललंय ते कळायला समोरच्या काचेवर एक छोटी लाल टिकली चिकटवली आहे. ती कपाळाला लावायच्या टिकल्यांच्या पाकिटातलीच, बायकोची. ती रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली की डावी बाजू ठीक. आणि मी मोठ्याने बोलतो. "आरसा. इंडिकेटर. आरसा. आता." मुलगी मागे बसून हे सगळं माझ्याआधी म्हणते, आणि एखादा शब्द गाळला तर ओरडते. पाहुणे गाडीत असले की त्यांना आधी सांगावं लागतं की मी तुमच्याशी बोलत नाहीये आणि तुम्हीही कृपा करून बोलू नका.

लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. मी घाई केली नाही. आप्पांनी "आते जा" म्हटल्यावरच तारीख घेतली. आठचा आकडा मला जमला, तो मी आधी वहीत काढून स्टेअरिंग कुठे किती फिरवायचं ते पाठ केलं होतं. रिव्हर्स फसला. मागे बघायला मान वळवली की हाताला दिशा उलटी वाटते, आणि गाडी खांबाकडे गेली. नापास झालं तर कायद्याने निदान सात दिवस थांबावं लागतं. ते सात दिवस मैदानावर फक्त रिव्हर्स केला. आप्पांनी मान वळवणं बंद करून आधी नुसते आरसे शिकवले: ज्या आरशात खांब जवळ येईल, त्याच्या उलट बाजूला गाडीची शेपूट न्यायची. ते बसल्यावर मग मान.

पुढच्या वेळी निरीक्षक साहेबांनी एका दमात सगळ्या सूचना दिल्या. पूर्वी मी मान हलवून गोंधळलो असतो. या वेळी म्हटलं, "साहेब, एकेक सांगाल का? मला तसं नीट कळतं." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि एकेक सांगितली. झालं.

परवाना आला म्हणून आप्पा गाडीतून उतरले नाहीत. मैदान म्हणजे मोकळी जागा आणि फक्की, रस्त्यावर माणसं असतात. आधी गोंदूरकडचा रस्ता, भल्या पहाटे. मग साक्री रोड. इकडचे रस्ते कुणालाही पुस्तकात शिकवता यायचे नाहीत. कापसाच्या हंगामात रस्त्याच्या मधोमध चालणारा, दोन्ही बाजूंनी फुगलेला ट्रॅक्टर. त्याच्या मागे दिवा नाही. माणसं बाहेर लटकलेली काळी-पिवळी जीप, जिला थांबायला स्टॉप लागत नाही, हात दिसला की पुरतं. साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. एकदा त्यांचं एकच पातं लादलेला ट्रेलर समोरून आला आणि संपायचं नावच घेईना. मी गाडी बाजूला लावून बसलो. आप्पा म्हणाले, "बेस करं." आणि ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या. लोक वैतागतात, पण मला मेंढ्यांचा कळप रस्त्यावर आला की आनंद होतो. सगळं जग थांबतं, मागचा हॉर्न वाजवून थकतो, आणि मला पुढच्या दोन किलोमीटरचा विचार करायला वेळ मिळतो.

लोक विचारतात, आता सवय झाली असेल ना? काही गोष्टींची झाली. ब्रेक आणि रेस यांच्यासाठी आता विचार करावा लागत नाही, टाच आपली खुंटी शोधते. बाकी बरंच काम अजून डोक्यानेच चालतं, आणि डोकं थकतं. तासाभराच्या रस्त्याने मी जेवढा दमतो तेवढा वर्गात दिवसभर उभं राहून दमत नाही. पोचल्यावर दहा मिनिटं कुणाशी न बोलता बसतो. रात्री झोप झाली नसेल तर चावीला हात लावत नाही. अंधारात हायवेला जात नाही. समोरचे डिपर मारत नाहीत आणि त्या उजेडात माझी टिकली, पट्टी, चाकं, सगळ्या खुणा पुसल्या जातात. गावातल्या गावात, दिव्याखालच्या ओळखीच्या रस्त्याने, आईला दवाखान्यापर्यंत नेता येतं, तेवढी रात्र मला जमते. ती वाट मी मुद्दाम रिकाम्या रस्त्याला पाठ करून ठेवली आहे. आग्रा रोडच्या बाजारात गाडी घालत नाही. लांब, जिथे दोन गाड्यांची जागा एकट्याला मिळेल तिथे लावतो आणि चालत जातो. बायको म्हणते, यापेक्षा घरून चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो. कधी कधी ते खरंही असतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला आणायला पिंपळनेरला मी गेलो. दरवर्षी मुराळी म्हणून एसटीने जायचो आणि दोघं पिशव्या सांभाळत उभ्याने परत यायचो. आप्पा आले नाहीत, "मना काय काम शे तठे?" म्हणाले. बहीण पुढे बसली, भाचा मागे. तिने साक्रीपर्यंत तोंड उघडलं नाही, इतकी ती कधीच गप्प बसलेली नाही. भाच्याने मागून विचारलं की मामा, मला येईल का. मी इंडिकेटर देत होतो, त्यामुळे उत्तर साक्रीला उसाचा रस पिताना दिलं: अठरा वर्षांचा हो, आप्पांना तोवर धडधाकट ठेवू, आणि बूट बिननाडीचे घे.

नाशिकला त्याला तपासणीला न्यायचं असतं तेव्हा मालेगावपर्यंत मी चालवतो. तिथे चहा घेतो आणि बायको स्टेअरिंगवर येते, कारण पुढे राहूडचा घाट आहे. सीट ती स्वतःच्या सोयीने पुढे घेते. परतीला ती नेलपॉलिशच्या खुणेवर आणून ठेवते.